आवाज न करणारा टीव्हीचा कॉम्प्युटर: पार्ट कोणते घेऊ? (बजेट ३०,०००)

शहापूर_गल्ली
नमस्कार मंडळी. हॉलमधल्या टीव्हीला जोडायला कॉम्प्युटर बांधायचा आहे. घर बेळगावच्या शहापुरात, जुनं. आईची कॉट टीव्हीपासून चार हातांवर. दिवसभर शेजारचे माग खडखडतात, त्याची तिला सवय आहे. पण रात्री माग बंद झाले की बारीक घूं घूं सुद्धा तिला झोपू देत नाही. बाबांनी जपलेल्या साठेक व्हीएचएस कॅसेटी आहेत: लग्नं, मुंजी, गल्लीतला गणपती. त्या कॉम्प्युटरवर उतरवून टीव्हीवर बघायच्या. गेमिंग नको. ३०,००० च्या वर जाता येणार नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी घेऊ की आय३-१२१००?

टिळकवाडीकर
बांधत कशाला बसताय? एन१०० चा मिनी पीसी घ्या. ६ वॅटचा प्रोसेसर, फोरके चालतो, एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट पण हार्डवेअरवर. माझा दीड वर्ष टीव्हीच्या मागं लावलाय, आवाज म्हणून नाही.

खानापूर_पाऊस
एन१०० च घ्या. माझ्याकडं बिनपंख्याचा आहे. पावसाळ्यात भिंती ओल्या होतात, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, पण हा चार महिने न बंद करता चाललाय.

निपाणी_नाका
मिनी पीसीत पंखा असेल तर लांब राहावा. एवढुस्सा पंखा, हवा ढकलायला त्याला जोरात फिरावंच लागतंय. माझ्याला नवव्या महिन्यात किर्र आवाज यायला लागला. आमच्याकडं वखारीची तंबाखूची धूळ, उघडून बघितलं तर पात्यांवर तपकिरी थर. दुकानदार म्हणाला वॉरंटीत धूळ बसत नाही.

टिळकवाडीकर
धूळ तुमच्या घरची, त्यात मशीनचा काय दोष?

निपाणी_नाका
घर झाडून घेतो की रोज. निपाणीत एक आठवडा राहून बघा, मग बोला.

कॅम्प_फोरके
करायचं तर एकदाच नीट करा. पूर्ण बिनपंख्याचं ॲल्युमिनिअम कॅबिनेट, हीट पाइपवाला, बाहेरून मागवलेला. मला सगळं मिळून ७२,००० ला पडलं. रात्री कान लावला तरी काही ऐकू येत नाही. आईसाठी करताय, पैशाकडं बघू नका.

शहापूर_गल्ली
दादा, ३०,००० म्हटलंय.

चिकोडी_एमएच
कोल्हापुरातून आणा, स्वस्त पडतं.

खडेबाजार_जुना
आणि पार्ट बिघडला की शंभर किलोमीटर जा? बिल गावातलंच घ्यावं.

उद्यमबाग_लेथ
एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. कॅसेटी उतरवायच्या म्हणजे हार्ड डिस्क आली. पंख्यापेक्षा तिची धडधड वाईट, कारण ती कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते आणि सगळा पत्रा घुमतो. ५४०० आरपीएमची घ्या, ७२०० ची नको, आणि स्क्रूखाली रबरी वॉशर घाला. आमच्या कारखान्यात मोटरीखाली घालतो तेच, फक्त बारीक. बूटला एसएसडी ठेवा, तिच्यात फिरणारं काही नसतं. पंखे १२० मिमीचे. मोठा पंखा ७०० आरपीएमवर तेवढीच हवा देतो आणि कानाला लागत नाही. प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर काढून टाका.

अनगोळ_अक्का
इन्व्हर्टर कसला आहे घरी? आमचा जुना स्क्वेअर वेव्हचा होता. लाइट गेली की कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून भुणभुण सुरू. दोन पंखे आणि एक सप्लाय बदलला, शेवटी इन्व्हर्टर बदलल्यावर थांबलं. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पंख्याचा कर्व्ह लावा, म्हणजे तापेल तसा वेग. तीन पिनी पंखा असेल तर तिथं डीसी मोड निवडायचा, नाहीतर तो कायम पूर्ण वेगानं पळतो.

खानापूर_पाऊस
५६००जी ला एव्ही१ नाही हे पण लक्षात घ्या. म्हणूनच एन१००.

टिळकवाडीकर
तेच मी पहिल्यापासून सांगायलोय.

चिकोडी_एमएच
टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावा की, कॉम्प्युटरच कशाला? त्यावर लिनक्स टाकलं तर ओटीटी फोरकेमध्ये दिसतच नाही.

शहापूर_गल्ली
ओटीटी टीव्हीतच आहे. मला कॅसेटी हव्यात. त्यांचं चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी अर्धी चित्रं, सेकंदाला अशी ५० फील्ड. नीट उलगडलं नाही तर आजोबांचा हात हलला की कंगव्यासारख्या रेघा येतात. पाहुण्यांच्या स्टिकवर लावून बघितलं होतं, तशाच आल्या.

*(तीन आठवड्यांनी)*

शहापूर_गल्ली
घेतलं. एन१०० नाही घेतला, माफ करा. साठ कॅसेटी कॉम्प्रेस करायच्या आहेत, तिथं आय३-१२१०० जास्त चालतो, आणि आत दोन डिस्क बसतात. एच६१० मदरबोर्ड, ८+८ जीबी रॅम, १२० मिमीचा टॉवर कूलर, साधं उंच कॅबिनेट. डिस्क जुनीच. खडेबाजारात २९,६०० झाले. उद्यमबागच्या दादांचे वॉशर घातले, हात लावला तर पत्रा आता थरथरत नाही. अक्का, आमचाही इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हच निघाला. तो पुढच्या महिन्यात बदलेन, तोवर लाइट गेली की कॉम्प्युटर बंद करतो.

काल रात्री आईच्या उशाला बसून ऐकलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, कॉम्प्युटर नाही. आईनं मावशीच्या लग्नाची कॅसेट दोनदा बघितली.

कॅम्प_फोरके
डिस्क जुनी आहे म्हणता, तर दुसरी प्रत आजच काढून ठेवा.

टिळकवाडीकर
एन१०० वरही झालं असतं. पण कॅसेटी वाचल्या, छान झालं. मावशीचं लग्न कुठल्या साली?

शहापूर_गल्ली
१९९१. मांडव आमच्याच दारात होता.