टुखोल्स्कींच्या उपहासाने लोकशाहीच दुबळी केली का?

जुनी_पानं:
कुर्ट टुखोल्स्की हे १९२० च्या दशकातले बर्लिनचे ज्यू घराण्यातले पत्रकार. ‘वेल्टब्यूने’ साप्ताहिकात खऱ्या नावाशिवाय चार टोपणनावांनी लिहायचे. उपहास असा की समोरच्याची सालटी निघायची. पण सेनाधिकाऱ्यांइतकीच त्यांनी सोशल डेमोक्रॅटांचीही (लोकशाही मानणारा डावा पक्ष) काढली, वर्षानुवर्षं. आणि २३ मार्च १९३३ ला हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा आला, तेव्हा विरोधात मत दिलं ते याच पक्षाच्या ९४ खासदारांनी. बाकी एकानेही नाही (कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं). जे शेवटपर्यंत उभे राहिले, त्यांचीच टर उडवली होती. पुढे साठ लाख ज्यूंचा संहार झाला. त्याआधीच्या काळाचा हिशोब मांडताना हे कसं सोडायचं?

सांजवात:
साफ असहमत. १९१९ मध्ये याच पक्षाच्या नोस्के या मंत्र्याने फ्रायकोरच्या सशस्त्र टोळ्या कामगारांवर सोडल्या होत्या. त्यावर लिहायचं नाही? हिटलरच्या आधीचं जर्मन प्रजासत्ताक पोखरलं ते न्यायालयांनी. गुम्बेल या गणितज्ञाने १९२२ मध्ये मोजदाद छापली: उजव्यांनी केलेले ३५४ राजकीय खून, त्यातल्या ३२६ खुनांना शिक्षाच नाही. हिटलरने १९२३ मध्ये उठाव केला, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर १९२४ मध्ये तो बाहेर! टुखोल्स्की याच न्यायाधीशांवर तुटून पडत होते. म्हणून तर १० मे १९३३ ला नाझींनी पुस्तकं जाळताना त्यांचं आणि ‘वेल्टब्यूने’चे संपादक ओसिएट्स्कींचं नाव पुकारून पुस्तकं आगीत टाकली.

जुनी_पानं:
न्यायालयांचं मान्य, नोस्केचंही. तरी १९३३ नंतर ते गप्प का बसले? स्वीडनमध्ये तर होते.

सांजवात:
गप्प म्हणू नका. नागरिकत्व काढून घेतलं होतं, वाचक जर्मनीत अडकलेले. छापायचं कुठे? स्वतःला ते ‘थांबलेला कवी’ म्हणायचे. छळछावणीतल्या ओसिएट्स्कींना शांततेचं नोबेल मिळावं म्हणून मात्र पत्रं लिहीत राहिले. २१ डिसेंबर १९३५ ला गेले. नोबेल जाहीर झालं ते पुढच्या वर्षी.

नदीकाठ:
आणखी एक गोष्ट. आई डोरिस यांच्याशी त्यांचं कधी पटलं नाही. मुलगा गेल्यावर काही वर्षांनी त्यांना टेरेझीनश्टाट या नाझी छळछावणीत नेलं. १९४३ मध्ये त्या तिथेच मेल्या.