मदत हवी आहे : फर्ममध्ये मोफत केसेस नीट चालाव्यात म्हणून काय करता?

सीमाभाग_वकील
बेळगावात आमची छोटी फर्म आहे. गरिबांच्या केसेस मोफत घ्यायच्या असं ठरलंय, सीनियरही तयार आहेत. पण फायली हलत नाहीत. पैशाच्या केसची तारीख त्याच दिवशी असली की ज्युनियर मोफतची फाइल दुसऱ्याच्या गळ्यात घालतात आणि कोर्टात नुसता मुदतीचा (तारीख पुढं ढकलायचा) अर्ज जातो. पोटगीच्या, वाटणीच्या केसेस आहेत, बायका लांबून येतात. चालणारी पद्धत असेल तर सांगा. 'न्यायबंधू'वर (मोफत वकिलीची सरकारी योजना) नोंदणी केलीय, ते सुचवू नका. सोमवारी मीटिंग आहे.

खानापूर_कोर्ट
छोटी म्हणजे किती जण? ज्युनियरना पगार आहे की केसमागं वाटा? प्रोसेस फी (समन्स पाठवायची), टायपिंग, झेरॉक्स कोण भरतं? हे सांगा की आधी.

नियम_४६
मीटिंगमध्ये बार कौन्सिलचा नियम ४६ वाचून दाखवा. आपल्या ऐपतीच्या मर्यादेत गरजूला मोफत मदत करणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक, असं त्यात स्पष्ट आहे. मग माणशी तास ठरवा. अमेरिकन बार असोसिएशन वर्षाला ५० तास सुचवते, ऑस्ट्रेलियात ३५ तासांचं लक्ष्य आहे. तुम्ही ४० ठेवा.

खानापूर_कोर्ट
त्यांच्याकडं बिल तासावर होतं, म्हणून तास मोजायची सवय आहे. आपल्याकडं फी केसवर ठरते. टप्पे मोजा: दावा दाखल, समन्स बजावणी, मुद्दे, साक्ष, युक्तिवाद.

नियम_४६
मग नोटीस, सल्ला, तडजोड कुठं धरणार? कोर्टाबाहेर मिटवलेलं काम तुमच्या टप्प्यांत दिसणारच नाही. नोंद तासांचीच हवी.

सीमाभाग_वकील
दोन पार्टनर, चार ज्युनियर. ज्युनियरना केसमागं वाटा. किरकोळ खर्च ज्याची फाइल तो करतो. पण याचा काय संबंध?

खानापूर_कोर्ट
सगळा संबंध तिथंच आहे. फी शून्य म्हणून वाटा शून्य, वर खर्च ज्युनियरच्या खिशातून. तो टाळणारच.

मोफत केसला फर्मनं टप्प्यागणिक ठरावीक मानधन द्यावं, म्हणजे वाट्याची जागा भरून निघते. खर्चाला वेगळं खातं काढा, ज्युनियरनं पावती लावायची आणि त्याच आठवड्यात पैसे घ्यायचे. वकीलपत्रावर दोघांची नावं घाला. मोफतची वेगळी वही ठेवू नका, तारखा एकाच डायरीत हव्यात. मुदतीचा अर्ज पार्टनरला विचारल्याशिवाय जाऊ देऊ नका. एका ज्युनियरकडं एका वेळी दोनच मोफत फायली. एक निकाली निघाली की तिसरी.

आणखी एक, कामाची हद्द सुरुवातीलाच लिहून अशिलाची सही घ्या: मूळ केस मोफत, अपिलाचं तेव्हा ठरवू. पोटगीची वसुली मात्र हद्दीतच ठेवा. नुसता हुकूम हातात देऊन त्या बाईचं भागत नाही.

निपाणी_नोटरी
एवढा खटाटोप कशाला? तालुका कायदा सेवा समितीकडं पाठवा. १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले, सगळे बसतात. फोन १५१००. तुमच्या ज्युनियरनी समितीच्या पॅनलवर (वकिलांच्या यादीत) नाव घातलं तर मानधनही मिळेल.

नियम_४६
पॅनलचं मानधन सरकार देतं, ते फर्मचं मोफत काम नव्हे. शिवाय पॅनलच्या केसमध्ये अशिलाकडून एक रुपयाही घेता येत नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा हवा. कलम १२ मध्ये बसणाऱ्याला तो रस्ता सांगाच. फर्मची ताकद न बसणाऱ्यांसाठी राखा: उताऱ्यावर जमीन दिसते, म्हणून दाखल्यात उत्पन्न कायद्यातल्या मर्यादेच्या थोडं वर गेलंय आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत, असा शेतकरी. आणि 'मोफत वकील मिळेल' असा फलक लावू नका, वकिलाला जाहिरात करू न देणारा बार कौन्सिलचा नियम ३६ आडवा येतो.

हिशेब_घर
मोफत दिलेल्या वेळेची आयकरात वजावट मिळत नाही. पैशाच्या देणगीलाच मिळते, तीही नोंदणीकृत संस्थेला दिली तर.

सीमाभाग_वकील
कराचं विचारलं नव्हतं. वाटणीच्या दाव्यात कोर्ट फी मोठी येते, ती फर्मनं भरायची काय?

खानापूर_कोर्ट
ताबा कुणाकडं, ते सांगितलं नाहीत. कर्नाटक कोर्ट फी कायदा १९५८, कलम ३५ बघा. वादी एकत्र ताब्यात असेल तर ठरावीक फी, जास्तीत जास्त २०० रुपये. ताब्यातून बाहेर काढलं असेल तर हिश्श्याच्या बाजारभावावर. लेक सासरी नांदते एवढ्यानं तिचा ताबा गेला असं होत नाही, पण मसुद्यात सवयीनं 'ताबा हिरावला' लिहिलं जातं आणि फी वाढून बसते. वस्तुस्थिती विचारून लिहा. खरोखरच बाहेर काढलं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३३ खाली निर्धन म्हणून, आधी कोर्ट फी न भरता, अर्ज, सोबत मालमत्तेची यादी. जिंकल्यावर ती फी सरकार वसूल करतं, हे अशिलाला आधीच सांगा.

टिळकवाडी_ज्युनियर
भाषांतराचं कुणीच बोललं नाही. अशील मराठी, पहाणी (जमिनीचा उतारा) आणि नाडकचेरीचा (महसूल कार्यालयाचा) दाखला कन्नड, जुनं खरेदीखत मराठीत. ते सगळं काम ज्युनियरवर पडतं, तोही खर्च खात्यात धरा. साक्षीच्या प्रतिज्ञापत्राखाली 'मजकूर मराठीत वाचून समजावला' असा शेरा हवा, आणि खरंच वाचून दाखवा. नाहीतर उलटतपासणीत 'यात काय लिहिलंय मला ठाऊक नाही' असं उत्तर येतं आणि केस तिथंच ढिली पडते.

निपाणी_नोटरी
आता कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालंय. निपाणीहून किती जवळ! अपिलं तिकडं गेली तर गरिबांचा खर्च वाचेल.

खानापूर_कोर्ट
ते मुंबई हायकोर्टाचं ओ. आपला जिल्हा धारवाड खंडपीठाखाली, हायकोर्टातलं अपील आणि रिट तिथंच. प्रवासखर्चही खात्यात धरा.

सीमाभाग_वकील
खर्चाचं खातं, दोन नावं, दोनच फायली, हे सोमवारी मांडतो. टप्प्याला मानधन किती ठेवावं?

खानापूर_कोर्ट
साध्या वाटणीच्या दाव्याला फी किती घेता आणि त्यातला ज्युनियरचा वाटा किती, ते सांगा आधी.