आईबाबांना लेह गाडीतून दाखवायचंय: पोचल्या दिवशीच चालेल का?

टोरांटोहून:
मंडळी, नमस्कार. जूनमध्ये भारतात येतोय. आईबाबा परभणीला असतात, दोघंही सत्तरीचे. दिल्लीहून विमानानं लेहला जायचं आणि गाइड असलेली गाडी करून चार-पाच तासांत शहर दाखवायचं, एवढाच बेत आहे. पँगाँग तलाव नाही, नुब्रा खोरं नाही. पोचलो त्याच दुपारी निघालो तर चालेल का?

नांदेडहून:
ताई, पोचल्या दिवशी नका. हात जोडून सांगते.

नांदेडला परत आले तरी मी ही मेलिंग लिस्ट वाचते, आणि तुमची मेल वाचून राहवलं नाही. मागच्या जूनमध्ये बाबांना नेलं होतं. विमानातून उतरले तेव्हा ठणठणीत. सहल ठरवून देणारा म्हणाला, आजचा दिवस मोकळाच आहे, फिरून घ्या. मी ऐकलं. रात्री त्यांचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, आणि पहाटेपर्यंत दवाखान्यात ऑक्सिजन लावून पडून होते. आपलं नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. तिथं एका श्वासात ऑक्सिजन जवळजवळ एक तृतीयांशानं कमी मिळतो. विमान दीड तासात नेऊन सोडतं, शरीराला मात्र सवय व्हायला दोन दिवस तरी लागतात. तेवढे दिवस खोलीतच राहा. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, द्यायची का, ते परभणीच्या डॉक्टरांनाच विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बसल्याजागी दम लागला किंवा चालताना झोक गेला, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

आम्ही तिसऱ्या दिवशी निघालो. टॅक्सी तिथलीच घ्या, युनियनचे दर ठरलेले असतात. सतराव्या शतकातला नऊ मजली राजवाडा बाबांनी बाहेरूनच पाहिला, आतले जिने मी चढू दिले नाहीत. पुढं श्रीनगर रस्त्यानं पंचवीसेक किलोमीटरवर गुरुद्वारा पत्थर साहिब आहे, लष्कराचे जवान सांभाळतात. हुजूर साहिबच्या गावचा माणूस तिथं परका कसा राहील? लंगरमध्ये बाबा मांडी घालून बसले आणि शेजारच्या जवानाला नांदेडचं सगळं सांगत राहिले.

तिथून निमूजवळचा संगम. सिंधू आणि झंस्कार एकमेकींना मिळतात, पण दोन रंगांचं पाणी बराच वेळ वेगळंच दिसतं. बाबा गाडीतून उतरून काठावर उभे राहिले. आयुष्यभर मे महिन्यातली गोदावरी पाहिलेला माणूस. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "हे पाणी बारमाही असतं?" तो म्हणाला, उन्हाळ्यात बर्फ वितळून वाढतं, थंडीत झंस्कार गोठते, लोक तिच्यावरून चालतात. बाबा किती तरी वेळ काही बोललेच नाहीत. ताई, बाकी काही राहिलं तरी चालेल, संगमावर अर्धा तास जास्त ठेवा.

टोरांटोहून:
बरं झालं विचारलं. परतीची तिकिटं दोन दिवसांनी पुढं ढकलते. आईचे गुडघे दुखतात, शांती स्तूपाला पायऱ्या खूप आहेत म्हणे?

नांदेडहून:
खालून पाचशेच्या वर आहेत, पण दुसऱ्या बाजूनं गाडी वर जाते. ड्रायव्हरला आधीच सांगा. संध्याकाळी जा, सगळं लेह खाली दिसतं. स्वेटर जूनमध्येही लागेल.

आणि तुमच्या बाबांचा नंबर मला वेगळा पाठवा. आमचे बाबा म्हणतात, परभणी काय लांब, रेल्वेनं जाऊन समोर बसून सगळं सांगतो.