मदत हवी आहे: पाया −2 मध्ये भागाकाराचा अंक कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी. लातूर-नांदेडकडच्या आठवी-नववीच्या ऑलिंपियाडवाल्या पोरांसाठी पाया −2 ची (दहाऐवजी −2 च्या घातांवर संख्या लिहायची पद्धत) टिपणं करतोय. अंक 0 आणि 1 एवढेच, स्थानं 1, −2, 4, −8, 16. म्हणून 9 म्हणजे 11001 (16−8+1). ऋण संख्या लिहायलाही वजा चिन्ह लागतच नाही, हे पोरांना फार आवडतं.

बेरीज जमली. फक्त हातचा −1 घ्यायचा. 1+1=110 म्हणून 11 असा दुहेरी हातचा (डावीकडच्या दोन्ही घरांत 1) घेतला, तर 11+1 मध्ये (म्हणजे −1+1) तो डावीकडे सरकतच राहतो, संपत नाही. −1 घेतला की दुसऱ्याच घरात 0 येऊन थांबतो. एरवी 0+0−1 आलं तर 1 लिहून हातचा +1.

अडलंय भागाकारात. 11001 ला 111 ने, म्हणजे 9 ला 3 ने भागायचं. उत्तर 111. पण पहिल्याच 1 ला (4 च्या स्थानी) 3×4 म्हणजे 12 वजा होतात, बाकी −3. मग −2 च्या स्थानी −6 वजा करून 3, शेवटी 3 वजा करून 0. म्हणजे नेहमीची ‘भाजक बसतो का?’ ही कसोटी इथे चालत नाही.

तर प्रत्येक घरात 0 की 1, हे दशमानात न जाता कसं ठरवायचं? बाकी कोणत्या मर्यादेत राहायला हवी, हे कुणी वहीवर मांडून दाखवेल का?