मदत हवी आहे: खाडीकाठच्या खाऱ्या गवताचं सॅम्पलिंग कसं करू?

नमस्कार मंडळी, एमएस्सी बॉटनीच्या प्रोजेक्टसाठी रत्नागिरीजवळच्या खाडीत एल्युरोपस लॅगोपॉइडिस या गवतावर काम करतेय. खारफुटीच्या मागे, उधाणाचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथे हे चिखलावर पसरलेलं असतं, पानं बारीक नि टोकदार, सकाळी बोट फिरवलं की मिठाचे पांढरे कण हाताला लागतात कारण पानातल्या ग्रंथी जादाचं मीठ बाहेर टाकतात. इतकं चिवट गवत आहे, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही याचं फार वाईट वाटतं.

अडचण अशी की ते जमिनीलगतच्या धावत्या खोडांनी पसरतं, म्हणजे एका पट्ट्यातून वीस काड्या घेतल्या तरी सगळ्या एकाच झाडाच्या निघू शकतात, मग जनुकीय विविधता कसली मोजणार? दोन नमुन्यांमध्ये किती मीटर अंतर ठेवू? एकाच खाडीत मुखापासून आतपर्यंत जाऊ की दोन-तीन वेगळ्या खाड्या घेऊ?

आणि सीटॅब पद्धतीने (पेशी फोडायला सीटॅब हे साबणासारखं रसायन वापरून) डीएनए काढला तर तो तपकिरी नि चिकट येतोय, पानं सिलिका जेलमध्ये वाळवलेली आहेत, आधी पाण्याने मीठ धुवायला हवं होतं का? विविधता मोजायला आयएसएसआर मार्कर (नमुन्यांच्या डीएनएतले फरक दाखवणाऱ्या खुणा) वापरायचा विचार आहे. कुणी खाऱ्या गवतांवर काम केलं असेल तर प्लीज सांगा, पावसाच्या आत सॅम्पलिंग उरकायचंय.