क्रिया बल आणि प्रतिक्रिया बल समान असतील, तर हातगाडी पुढे जाते कशी?

नववी_विज्ञान (कळवा, ठाणे)

नमस्कार. मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवते. राज्य मंडळाच्या पुस्तकातील पहिलेच प्रकरण 'गतीचे नियम' हे असल्यामुळे जूनमध्ये शाळा उघडते न उघडते तोच मुलांची न्यूटनशी गाठ पडते. पहिला नियम मुलांना लोकलमधल्या धक्क्यांमुळे चटकन पटतो, दुसरा गणितांच्या सरावाने अंगवळणी पडतो. तिसऱ्यापाशी मात्र मी गेल्या आठवड्यात अडले.

नियम सर्वांना तोंडपाठ होता: प्रत्येक क्रिया बलास समान आणि विरुद्ध दिशेचे प्रतिक्रिया बल एकाच वेळी कार्य करते. तो म्हणून झाल्यावर मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील जांभळी नाक्याच्या बाजारात हातगाडी ओढतात. ती म्हणाली, "बाई, पप्पा गाडीला जेवढ्या जोराने ओढतात तेवढ्याच जोराने गाडी पप्पांना मागे ओढते ना? मग दोघंही जागच्या जागी राहायला पाहिजेत. पण गाडी तर जाते." मी उत्तर दिले की ही दोन बले वेगवेगळ्या वस्तूंवर कार्य करतात, म्हणून ती एकमेकांना नाहीशी करत नाहीत. उत्तर चुकीचे नव्हते, पण ती ज्या पद्धतीने "बरं" म्हणून खाली बसली त्यावरून तिला ते पटले नसल्याचे उघड होते, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही त्यापुढे काही सुचले नाही.

फुगा, बंदूक, अग्निबाण ही नेहमीची उदाहरणे येथे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांत दोन वस्तू एकमेकींपासून सुटून दूर जातात. हातगाडी आणि माणूस मात्र एकत्रच पुढे जातात. माझ्या हाताशी ३५ मिनिटांची तासिका, खडू-फळा आणि प्रयोगशाळेतील दोन ताणकाटे (बल मोजणारे स्प्रिंगचे काटे) एवढेच आहे. आपण हा भाग कसा शिकवता?

जुना_खडू (नेरूळ)

बाई, त्या मुलीचे कौतुक करा. तिची शंका थेट न्यूटनच्याच उदाहरणावरची आहे. १६८७ साली त्याने हा नियम मांडला तेव्हा खाली दोन साधी उदाहरणे दिली होती: बोटाने दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो, आणि घोडा दोराने दगड ओढत असेल तर घोडाही दगडाकडे तितकाच ओढला जातो. घोड्याच्या जागी माणूस आणि दगडाच्या जागी हातगाडी ठेवली की तिचाच प्रश्न झाला.

मी ३१ वर्षे हे प्रकरण शिकवले आणि माझ्या मते निम्मी अडचण शब्दांची आहे. मराठीत 'प्रतिक्रिया' म्हणजे एखादी गोष्ट घडून गेल्यानंतर तिच्यावर कोणी काही बोलणे किंवा करणे. निकाल आधी लागतो, प्रतिक्रिया नंतर येते. त्यामुळे मुलांच्या मनात नकळत असे चित्र उभे राहते की आधी माणूस ओढतो, मग थोड्या वेळाने गाडी 'उत्तर' देते, आणि त्या मधल्या वेळात गाडी पुढे निसटते. पुस्तकात 'एकाच वेळी' हे शब्द असतात, परंतु पाठ म्हणताना ते जिभेवरून घसरून जातात. मी वर्गात पहिले दोन दिवस 'प्रतिक्रिया' हा शब्दच वापरत नसे, फक्त 'बलांची जोडी' म्हणत असे, आणि प्रत्येक बल एकाच साच्यात बोलायला लावत असे: 'कोणी कोणावर लावलेले बल'. माणसाने गाडीवर लावलेले बल, गाडीने माणसावर लावलेले बल. नावांची अदलाबदल केली की जोडीदार सापडतो, आणि अदलाबदल करून सापडला नाही तर तो जोडीदार नव्हेच.

हा साचा वापरला की आणखी एक जुनी चूक उघडी पडते. टेबलावर पुस्तक ठेवले आहे. पुस्तकाचे वजन खाली, टेबलाचा आधार वर, दोन्ही समान. म्हणून पुष्कळ मुले (आणि, रागावू नका, काही शिक्षकही) ही तिसऱ्या नियमाची जोडी समजतात. ती जोडी नाही. पृथ्वीने पुस्तकावर लावलेल्या बलाचा जोडीदार म्हणजे पुस्तकाने पृथ्वीवर लावलेले बल. अर्धा किलोचे पुस्तक पृथ्वीला सुमारे ४.९ न्यूटन बलाने वर ओढत असते. पृथ्वीचे वस्तुमान प्रचंड असल्यामुळे त्याचा परिणाम आपल्याला कधीच दिसत नाही, इतकेच. टेबलाचा आधार आणि वजन समान असतात ते पुस्तक स्थिर आहे म्हणून, पहिल्या नियमाने (स्थिर वस्तूवरील बलांची बेरीज शून्य असते). लिफ्ट वेग घेत वर निघाली की पुस्तकावरील ही दोन बले समान राहत नाहीत, पण तिसऱ्या नियमातल्या जोड्या तेव्हाही समानच असतात. गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण दहावीत येते, त्यामुळे नववीत ही जोडी पूर्ण उलगडून सांगता येत नाही हे मान्य. पण निदान चुकीची जोडी तरी फळ्यावर काढू नये.

शेवटचा_तास (घोडबंदर रोड)

मी शिकवणी घेतो. इतक्या खोलात जाण्यास वेळ कोणाकडे आहे? "भिन्न वस्तूंवर कार्य करतात" हे वाक्य लिहिले की मुलांना गुण मिळतात. पुढचे अकरावीत पाहता येईल.

घर्षण_अभियंता (ऐरोली)

वरील मताशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण गुणांशी संबंधित नाही. 'भिन्न वस्तूंवर' हे वाक्य अपुरे आहे. एखादा चलाख मुलगा विचारील की माणूस आणि गाडी मिळून एकच वस्तू धरली तर? तेव्हा ती दोन्ही बले त्या वस्तूच्या आतलीच होतात, त्यांची बेरीज खरोखरच शून्य होते, आणि तरीही गाडी पुढे जाते. म्हणजे तिला पुढे नेणारे बल बाहेरून येत असले पाहिजे. मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या बलात आहे, आणि ते बल रस्ता लावतो. माणूस पायाने रस्त्याला मागे रेटतो, रस्ता घर्षणाने माणसाला पुढे रेटतो.

बाई, मी यासाठी आकडे घालून फळ्यावर गणित करावे असे सुचवीन, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट मुलांना शब्दांचा खेळ वाटते. माणूस ६० किलोग्रॅम, मालासह गाडी २४० किलोग्रॅम. रस्ता माणसाच्या पायांना १५० न्यूटन बलाने पुढे रेटतो असे समजा, आणि गाडीच्या चाकांना एकूण विरोध ९० न्यूटन. दोघांना एकत्र धरले तर असंतुलित बल ६० न्यूटन आणि वस्तुमान ३०० किलोग्रॅम, म्हणून त्वरण (वेग वाढण्याचा दर) ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता फक्त गाडी घ्या. तिला एवढे त्वरण मिळण्यासाठी ४८ न्यूटन असंतुलित बल हवे, आणि ९० न्यूटनचा विरोध आहेच. म्हणून माणूस तिला १३८ न्यूटन बलाने ओढत असला पाहिजे. मग फक्त माणूस घ्या. रस्ता त्याला १५० न्यूटनने पुढे रेटतो, गाडी त्याला १३८ न्यूटनने मागे ओढते, उरले १२ न्यूटन. आणि ६० किलोग्रॅमला ०.२ ने गुणले तरी १२ च येतात. गाडीने माणसाला मागे ओढले ते अगदी तेवढ्याच, म्हणजे १३८ न्यूटन बलाने. नियम कुठेही मोडला नाही, आणि गाडीही निघाली.

एक सूचना. आकृती काढताना माणूस आणि गाडी फळ्यावर एकमेकांपासून हातभर दूर काढा, मध्ये मोकळी जागा ठेवा, आणि प्रत्येकावर फक्त त्याच्यावर लागणारीच बले दाखवा. एकाच चित्रात सगळे बाण दाटीने काढले की मुले समोरासमोरचे दोन बाण पाहून लगेच वजाबाकी करतात. या प्रश्नाची सुरुवातच बहुधा अशा एखाद्या चित्रातून झालेली असते.

दोन_ताणकाटे (सीवूड्स)

आपल्याकडे दोन ताणकाटे आहेत, तेवढे पुरेसे आहेत. मात्र आधी दोन्हींना एकच वजन टांगून त्यांचे वाचन जुळते का ते पाहा. शाळेतले काटे वर्षानुवर्षे ताणून ठेवल्याने पुष्कळदा जुळत नाहीत, आणि मग तिसरा नियम खोटा ठरल्याचा आनंद सर्व वर्गाला होतो. तसेच काटा आडवा धरला की हुकाचे वजन स्प्रिंगवर येत नाही आणि शून्य किंचित सरकते, म्हणून आडवे धरूनच शून्य लावून घ्या.

मग दोन्हींचे हूक एकमेकांत अडकवा. एका मुलाला सांगा की तू ओढ, दुसऱ्याला सांगा की तू ओढू नकोस, फक्त धरून ठेव. वाचण्याआधी वर्गाला अंदाज लिहायला लावणे महत्त्वाचे. बहुतेक मुले ओढणाऱ्याचा काटा जास्त दाखवील असेच लिहितात. दोन्ही काटे समान दिसल्यावर दोघांना हळूहळू एका दिशेने चालायला सांगा. चालतानाही काटे जुळलेलेच राहतात, आणि आपल्या विद्यार्थिनीला नेमके हेच पाहायचे आहे.

शेवटी ओढणाऱ्याला बूट काढून, पायमोज्यांवर, गुळगुळीत फरशीवर उभे करा. पायाखालचे घर्षण कमी झाले की तो समोरच्याला ओढण्याऐवजी स्वतःच त्याच्याकडे सरकतो. दप्तरे आणि बाक दूर सारून ठेवा, आणि बेताने.

नववी_विज्ञान (कळवा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. दोन तासिका यासाठी दिल्या आणि त्या वाया गेल्या नाहीत. पहिल्या दिवशी ताणकाट्यांचे झाले. काटे खरोखरच जुळत नव्हते, ते आधी तपासल्याने फजिती टळली. अंदाज लिहिताना ४२ पैकी ३५ मुलांनी ओढणाऱ्याच्या काट्यावर जास्त बल लिहिले होते, त्यात पाठांतरात पहिले येणारे दोघेही होते. पायमोज्यांवरचा मुलगा समोरच्याकडे आपोआप सरकत गेला तेव्हा वर्ग हसला, आणि त्याच हशात ती मुलगी म्हणाली, "म्हणूनच पप्पा पावसात चप्पल काढून गाडी ओढतात, चपलेने पाय सटकतो." त्यानंतर घर्षणाविषयी मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी १५० आणि १३८ चे गणित केले. तिने वहीत माणूस आणि गाडी दूरदूर काढले, बाण बरोबर दाखवले, आणि आकृतीच्या तळाशी रस्त्यावर मागच्या दिशेने आणखी एक बाण काढून शेजारी लिहिले: 'माणसाने रस्त्यावर लावलेले बल'. मग विचारले की रस्ता का सरकत नाही. घटक चाचणीत या वेळी नियम लिहायला न सांगता हाच प्रश्न घालावा असे मनात आहे.

जुना_खडू (नेरूळ)

जरूर घाला. आणि तिला एकदा तलावपाळीला, ठाण्यातल्या तलावावर, होडीत बसायला सांगा. होडीतून काठावर पाय टाकताना होडी मागे सरकते, कारण तिचे वस्तुमान आपल्या तुलनेत फार मोठे नसते आणि पाण्याचा विरोधही थोडा असतो. जांभळी नाक्याचा रस्ता सबंध पृथ्वीला चिकटलेला आहे, म्हणून तो सरकताना दिसत नाही. उतरताना मात्र नावाड्याला होडी धरून ठेवायला सांगावे.