शरीर बदललेल्या जाहिरातींवर तशी नोंद सक्तीची असावी का?

शिक्षिका, दादर:
जाहिरातीतील माणसाचे शरीर संगणकावर रीटचिंग करून बदललेले असेल, तर तसे छायाचित्रावरच छापण्याची सक्ती आपल्याकडे व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचा बांधा बारीक किंवा भरदार केलेल्या व्यावसायिक छायाचित्रावर तशी नोंद बंधनकारक आहे. नॉर्वेने जुलै २०२२ पासून असाच नियम पैसे घेऊन समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्यांनाही लावला. अकरावी-बारावीला शिकवताना मी पाहते की चांगल्या हुशार मुली उपाशीपोटी तासाला बसतात, डबा तसाच परत नेतात, आणि वर्गाचा फोटो काढायची वेळ आली की सावळ्या मुली मागच्या रांगेत सरकतात. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. लोकलच्या डब्यापासून पश्चिम द्रुतगती महामार्गावरील होर्डिंगपर्यंत डाग, सुरकुती, घडी नसलेली माणसेच रोज नजरेला पडत असतील, तर आरशातला स्वतःचा चेहरा त्यांना उणा वाटणारच.

जाहिरातींसाठी रीटचिंग करणारा, अंधेरी:
मॅडम, आपली कळकळ पटते, उपाय पटत नाही. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नोंदींचा परिणाम प्रयोगांतून तपासला, तेव्हा नोंद वाचूनही स्त्रियांचे स्वतःच्या शरीराविषयीचे असमाधान कमी झाले नाही. उलट अमुक भाग बदलला आहे असे नेमके लिहिले, की नजर त्याच भागाकडे वळते, असे आढळले. शिवाय फ्रान्सचा नियम बांध्यापुरताच आहे. माझ्याकडे येणाऱ्या कामात कंबर कमी करण्यापेक्षा रंग उजळण्याच्या सूचना अधिक असतात, आणि तो कायदा जसाच्या तसा इथे आणला तर हे सारे काम नोंदीशिवायच सुटेल.

पालक, मुलुंड:
जाहिरातीपेक्षा घरातले बोलणे जास्त खोल जाते, असे मला वाटते. ‘किती काळवंडलीस’, ‘वजन जरा आटोक्यात ठेव, पुढे स्थळे बघायची आहेत’ हे मुलगी आत्या-मावशीच्या तोंडून ऐकते. त्यावर कोणती नोंद छापणार?

शिक्षिका, दादर:
घरातले बोलणे जखम करते, यात शंका नाही. परंतु आत्या-मावशीच्या मनातले सौंदर्याचे माप घरातच तयार झालेले नसते. फिजी बेटांवरील नाड्रोगा भागात भरलेले शरीर पूर्वापार कौतुकाचे मानले जात होते. तेथे १९९५ मध्ये टीव्ही आला, आणि संशोधक ॲन बेकर यांच्या पाहणीत, खाण्याविषयीची वृत्ती बिघडल्याची लक्षणे दाखवणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण १९९८ पर्यंत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. इतक्या थोड्या वर्षांत तिथल्या आत्या-मावश्या बदलल्या, असे कोण म्हणेल?

जाहिरातींसाठी रीटचिंग करणारा, अंधेरी:
पण फिजीतल्या मुलींनी टीव्हीवर पाहिली ती खरीखुरी सडपातळ माणसे होती, संगणकावर घडवलेली नव्हेत. मग दोष रीटचिंगचा कसा? एकाच ठेवणीची माणसे निवडणाऱ्या जाहिरातदाराला आपण मोकळे सोडत आहात.

शिक्षिका, दादर:
मोकळे मुळीच सोडायचे नाही. नोंद वाचून मुलीला लगेच बरे वाटेल, एवढ्यासाठी मी ती मागत नाही. जे बदलले ते जाहिरातदाराने स्वतःच्या नावाखाली कबूल करावे, यासाठी मागते. फ्रान्समध्ये दंड ३७,५०० युरोंचा असला तरी तो जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, आणि हा भार जाहिरातदारावर पडतो, मुलीवर नाही. आपल्याकडे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये त्वचेच्या रंगावरून भेदभाव सुचवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आखली, पण ती उद्योगाचीच स्वनियंत्रण संस्था आहे, तिची तत्त्वे म्हणजे दंडाचा कायदा नव्हे. रंग उजळणे फ्रान्सच्या नियमातून निसटते, हा आपला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, म्हणून भारतीय नियमात बांध्याआधी रंगाचा उल्लेख असावा. चेहऱ्यावरची तात्पुरती पुटकुळी पुसणे आणि माणसाचा वर्णच बदलणे यांतली रेषा नेमकी कुठे आखता येईल, हे रोज ते काम करणारे आपणच सांगू शकाल; ते इथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.